‘त्यात काय, सोपं आहे!’ म्हणणाऱ्या महोदयांस

महोदय,

तुमचं नाव या पत्रात घालत नाही. घालून उपयोगही नाही, कारण तुम्ही एकटे नाही आहात. कधी महाविद्यालयाच्या सभागृहात शाल-श्रीफळ घेऊन बसलेले पाहुणे म्हणून, कधी कार्यशाळेच्या मधल्या सुट्टीत चहाचा कप हातात धरून, तर कधी कुणा पोराच्या खांद्यावरून त्याच्या लॅपटॉपमध्ये डोकावताना तुम्ही मला भेटत आलात. चेहरे वेगळे, वाक्य तेच. "त्यात काय, सोपं आहे! फक्त सोर्स कोड घ्यायचा, बिल्ड करायचा, बदल करायचा आणि पाठवून द्यायचा."

चार क्रियापदं. त्या चार क्रियापदांनी माझ्या वर्गातून जितकी मुलं घालवली, तितकी सी-प्लस-प्लसनेही घालवली नाहीत. म्हणून हे पत्र, आणि ते उघडपणे.

मी दर शनिवारी दुपारी एका तालुक्याच्या गावी मुलांना लिनक्सवर काम करायला शिकवतो. रोज समोर दिसणारा डेस्कटॉप आतून कसा चालतो आणि त्यात आपल्या हाताने भर कशी घालायची, हा आमचा विषय. त्यासाठी आम्ही लिनक्सवरचा केडीई हा डेस्कटॉप निवडला आहे. खालचं पॅनेल, मेन्यू, खिडक्यांच्या चौकटी, फायली दाखवणारं डॉल्फिन, कागदपत्रं वाचणारं ओक्युलर, चित्रं काढायचं क्रिटा, या सगळ्याचा कोड उघडा आहे. कुणीही वाचावा, बदलावा, बदल मूळ प्रकल्पाला परत द्यावा. ज्या मुलांनी आयुष्यात कधी विकतचं सॉफ्टवेअर घेतलं नाही, ज्यांना कुठल्याही कंपनीच्या दारात कुणी उभं करणार नाही, त्यांच्यासाठी हे दार सताड उघडं आहे. त्या दारात तुम्ही उभे राहता, म्हणून राग येतो.

गेल्या पावसाळ्यात तुम्ही आमच्याकडे आलात. वीस मिनिटं बोललात. पडद्यावर काळी टर्मिनल खिडकी उघडली, बोटं भराभर चालवली, तीन कमांड मारल्या आणि तुमच्या यंत्रावर एक प्रोग्राम बनून चालू झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या यंत्रावर आवश्यक त्या सगळ्या लायब्रऱ्या आधीच बसवलेल्या होत्या, तुमची जुनी सेटिंग्ज होती आणि मागच्या कैक वर्षांत तुम्ही खाल्लेल्या ठेचांची उत्तरं होती. हे मुलांना सांगायला किती वेळ लागला असता? तुम्ही सांगितलं नाहीत. "पाहिलंत? तीन ओळी!" म्हणालात आणि गाडीत बसलात.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या बाकावरची एक मुलगी बसून राहिली. तिच्याकडे भावाचा जुना लॅपटॉप, 4 जीबी मेमरीचा. त्यावर कुबुंटू 24.04 नावाचं लिनक्स. इंटरनेट मोबाइलचं, रोजच्या ठरलेल्या डेटाचं. तिला पॅनेलवर एक छोटं विजेट हवं होतं. तिच्या गावाला जाणारी पुढची एसटी किती वाजता आहे, एवढंच दाखवणारं. वेळापत्रक तिला तोंडपाठ होतं. पहिल्या प्रकल्पासाठी याहून चांगली कल्पना मी ऐकलेली नाही. स्वतःची गरज आहे, आकाराने लहान आहे, आणि झालं की घरच्यांना दाखवता येतं.

तुम्ही येण्याआधीच तिने हाती लागलेल्या सूचना वाचून फोल्डर बनवलं, फाइल लिहिली, विजेट चालवलं. पहिली तक्रार आली की आयात करताना आवृत्तीचा आकडा लागतो. तिने सूचना पुन्हा वाचल्या. तिथे आकडा नव्हता. अंदाजाने तिने आकडा घातला. दुसरी तक्रार आली की ‘प्लाझ्मॉइड-आयटम’ नावाचा कुठलाच प्रकार नाही. सूचनांमध्ये तर पहिल्याच ओळीत तो होता. तुम्ही निघण्यापूर्वी तिने तुम्हाला हे विचारलं होतं. तुम्ही पडद्याकडे दोन सेकंद पाहिलंत आणि म्हणालात, "सिस्टिम जुनी आहे. फक्त अपडेट कर, सोपं आहे."

तिने रात्री अपडेट केलं. दिवसाचा डेटा संपला, भावाच्या फोनचाही संपला. सकाळी तीच तक्रार, अक्षरही न बदलता. पुढच्या शनिवारी ती मला म्हणाली, "सर, मला नाही जमणार हे. त्यांनी सोपं म्हणून सांगितलं आणि मला तेवढंही आलं नाही."

महोदय, हा तुमचा गुन्हा. एखादी गोष्ट अवघड आहे असं सांगून माणूस अडला, तर तो गोष्टीला दोष देतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. सोपी म्हणून सांगितल्यावर अडला, तर स्वतःलाच दोष देतो आणि निमूटपणे उठून जातो. तुम्हाला तो जाताना दिसत नाही, कारण तुम्ही त्याआधीच गेलेले असता.

आता त्या मुलीचं काय चुकलं होतं ते ऐका. काहीच चुकलं नव्हतं.

केडीईचा प्लाझ्मा डेस्कटॉप 28 फेब्रुवारी 2024 रोजी सहाव्या मोठ्या आवृत्तीत गेला. त्याच्याखाली क्यूटी नावाची पायाभूत लायब्ररी आहे, तीही पाचवरून सहावर आली. पाया बदलला की भिंतीही हलतात. क्यूटी 5 मध्ये क्यूएमएल भाषेत एखादं मॉड्यूल आयात करताना आवृत्तीचा आकडा सक्तीचा होता, क्यूटी 6 मध्ये तो ऐच्छिक झाला. प्लाझ्मा 6 मध्ये विजेटच्या मुळाशी प्लाझ्मॉइड-आयटम असावाच लागतो, प्लाझ्मा 5 मध्ये तो नव्हताच. मोजमापं आणि चिन्हं आधी एका मॉड्यूलमधून यायची, आता किरिगामी नावाच्या दुसऱ्या मॉड्यूलमधून येतात. विजेटची ओळख सांगणारी फाइल पूर्वी डेस्कटॉप नावाच्या पद्धतीने लिहिलेली चालायची, आता ती जेसनमध्येच लागते. आणि कुबुंटू 24.04 आलं एप्रिल 2024 मध्ये, म्हणजे प्लाझ्मा 6 नंतर दोन महिन्यांनी, पण त्यात प्लाझ्मा 5.27 होता. दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती असल्यामुळे तिला कितीही अपडेट द्या, प्लाझ्मा पाचातच राहतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, पिढी बदलत नाही. तुम्ही सांगितलेल्या उपायाने तिचा प्रश्न शंभर रात्रींतही सुटला नसता.

तिच्या हातातल्या सूचना नव्या काळातल्या होत्या आणि यंत्र जुन्या काळातलं. एवढं एक वाक्य तिला हवं होतं. मी ते सांगितलं तेव्हा ती ताठ बसली आणि म्हणाली, "म्हणजे मी लिहिलेलं बरोबर होतं?" हो, बाळ. बरोबर होतं.

गावाकडे विहिरीत पोहायला शिकवणारा माणूस पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधतो. चांगला करकचून बांधतो, गाठ दोनदा ओढून बघतो आणि मग पाण्यात सोडतो. स्वतः आधी पाण्यात उतरलेला असतो. काठावर उभं राहून "हातपाय मार, सोपं आहे" असं ओरडणाऱ्याला गावात कुणी गुरू म्हणत नाही. तुम्हाला मात्र आम्ही व्यासपीठावर बसवतो.

तुम्ही ज्या परंपरेचा अभिमान सांगता तिची सुरुवातही आठवून पाहा. 14 ऑक्टोबर 1996 रोजी जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठात शिकणाऱ्या मथियास एट्रिख नावाच्या तरुणाने एक जाहीर आवाहन लिहिलं. युनिक्सवरचा प्रत्येक प्रोग्राम वेगळा दिसतो, वेगळा वागतो, सामान्य वापरणाऱ्याला धड काही सापडत नाही, हे त्याचं दुखणं होतं. ते दुखणं मांडून तो थांबला नाही. कामांची यादी दिली. पॅनेल हवं, फाइल मॅनेजर हवा, मेल वाचायचा प्रोग्राम हवा, साधा मजकूर संपादक हवा, मदतीची व्यवस्था हवी, लहान खेळ हवेत, चिन्हं काढणारे हवेत, माहिती लिहून ठेवणारे हवेत. कुणी काय उचलावं हे येणाऱ्याला वाचून कळत होतं. जुलै 1998 मध्ये केडीईची पहिली पूर्ण आवृत्ती बाहेर पडली. "सोपं आहे, या" एवढंच त्याने लिहिलं असतं, तर कोण गेलं असतं? ज्यांना आधीच सगळं येत होतं तेवढेच.

आणि त्या यादीत माहिती लिहून ठेवणं हे एक काम म्हणून होतं, महोदय. तुम्ही त्याला काम समजत नाही. कोड लिहिणं म्हणजे पराक्रम आणि तो बिल्ड कसा करायचा हे लिहिणं म्हणजे कारकुनी, अशी तुमची समजूत दिसते. खरंच इतकं सोपं असेल, तर लिहून ठेवायला तुम्हाला अर्धा तासही लागायला नको. इतक्या वर्षांत तो अर्धा तास तुम्हाला मिळाला नाही?

तुमच्या आणखी एका वाक्याचा हिशोब द्यायचा आहे. केडीईने 2022 च्या सुरुवातीला ‘फिफ्टीन मिनिट बग्ज’ नावाचा उपक्रम हाती घेतला. नव्या माणसाने प्लाझ्मा पंधरा मिनिटं वापरला तरी नजरेस पडतील असे दोष शोधायचे आणि ते आधी मिटवायचे, कारण पहिल्या पंधरा मिनिटांत जे खटकतं त्यावरच माणूस मत बनवतो. फार शहाणा उपक्रम आहे. तुम्ही मुलांना सांगितलंत, "पंधरा मिनिटांचे बग आहेत, पंधरा मिनिटांत सुटतात, एखादा घेऊन टाका." नाव ऐकलंत, अर्थ वाचला नाहीत. आमच्या एका मुलाने दोन मॉनिटर जोडल्यावर पॅनेल भलतीकडे जाण्याचा दोष निवडला. असे दोष एका फाइलमध्ये नसतात. खिडक्या सांभाळणारा केविन, पडद्यांची मांडणी लक्षात ठेवणारी यंत्रणा आणि प्लाझ्माचं स्वतःचं कवच, या सगळ्यांच्या मधल्या फटीत ते लपलेले असतात. अनुभवी लोक त्यांवर महिनोन्‌महिने घालवतात. हा मुलगा दोन आठवडे रात्री जागला आणि मग वर्गाला यायचा थांबला. मी त्याच्या घरी गेलो, समजावलं. तो म्हणाला, "पंधरा मिनिटांचं काम मला पंधरा दिवसांत झालं नाही, सर." तो अजून परत आलेला नाही.

मुलांना अवघड सांगितलं तर ती घाबरतील, असं तुम्ही म्हणाल. मी दर शनिवारी अवघड सांगतो, आकारासकट सांगतो. केडीईच्या पायाभूत लायब्रऱ्याच सत्तरच्या वर आहेत. मोठा भाग सी-प्लस-प्लसमध्ये आहे, डोळ्यांना दिसणारा भाग बहुतेक क्यूएमएलमध्ये. आख्खा प्लाझ्मा स्वतः कंपाइल करायचा तर चांगल्या यंत्रालाही तास मोजावे लागतात आणि 4 जीबी मेमरीचं यंत्र मध्येच मान टाकतं. ऐकून मुलं घाबरत नाहीत. वही काढतात आणि विचारतात, "मग यातलं आपल्याला किती लागेल?" बरोबर प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर आहे, फार थोडं.

विजेटला कंपाइल करणं लागतच नाही. एक फोल्डर, त्यात ओळख सांगणारी जेसन फाइल, आत कंटेंट्स, त्यात यूआय, त्यात मेन नावाची क्यूएमएल फाइल. संपलं. आम्ही एका रिकाम्या यंत्रावर फेडोरा या दुसऱ्या लिनक्सची केडीई आवृत्ती बसवली. ती एकदाच डाऊनलोड केली आणि पेनड्राइव्हवरून सगळ्यांना दिली, म्हणजे कुणाच्या डेटाला हात लागला नाही. फेडोरामध्ये 40 व्या आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल 2024 पासून, प्लाझ्मा 6 आहे. त्या मुलीने तिथे आपलं एसटीचं विजेट पुन्हा टाकलं. यावेळी नवा संदेश आला की हे विजेट प्लाझ्माच्या कुठल्याशा जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेलं आहे आणि इथे चालणार नाही. कालच लिहिलेलं विजेट जुनं कसं? जेसन फाइलमध्ये किमान कुठली प्लाझ्मा आवृत्ती हवी ते सांगणारी एक ओळ लागते. ती नसली की प्लाझ्मा विजेटला जुनं समजतो. ओळ घातली, 6.0 लिहिलं आणि पॅनेलवर तिच्या गावाचं नाव आलं. त्यापुढे वेळ. तिने मोबाइलने फोटो काढून लगेच घरी पाठवला.

ती एक ओळ मी तिला आधीच सांगायला हवी होती. मुद्दाम सांगितली नाही, असं नाही. मलाही ती तेव्हाच कळली. पण त्या दिवशी आम्ही एक दोनशे पानी वही घेतली आणि जिथे जिथे कुणी अडलं ते तारखेसकट, यंत्रासकट, जसंच्या तसं लिहायला लागलो. काय टाइप केलं, पडद्यावर काय आलं, का आलं, कशाने गेलं. विजेट थेट पॅनेलवर टाकून प्रत्येक बदलाला डेस्कटॉपचं कवच पुन्हा सुरू करत बसण्यापेक्षा प्लाझ्मॉइड-व्ह्यूअर वापरावा, तो प्लाझ्मा एसडीकेसोबत मिळतो, हे त्या वहीच्या चौथ्या पानावर आहे. पुढच्या मुलांचे त्यात दोन शनिवार वाचले.

संपूर्ण प्रोग्राम बिल्ड करायचा तर केडीई-बिल्डर आहे. आधी पर्ल भाषेत लिहिलेलं केडीई-सोर्स-बिल्ड होतं, 2024 मध्ये त्याची जागा पायथनमधल्या या साधनाने घेतली. जुन्या सूचना जुन्याच साधनाचं नाव सांगतात आणि मुलं तिथेच अडकतात, हेही तुम्ही कधी सांगितलं नाहीत. केडीई-बिल्डर एखाद्या प्रोग्रामला काय काय लागतं ते ओळखून क्रमाने आणतो, बांधतो आणि घरच्या फोल्डरमध्ये वेगळं ठेवतो, म्हणजे रोजच्या वापरातला डेस्कटॉप बिघडत नाही. नवख्याची सगळ्यात मोठी भीती तीच असते. भावाचा लॅपटॉप खराब झाला तर? ती भीती ओळखून कुणीतरी ही सोय केली. त्या माणसाला माझा नमस्कार. आम्ही केकॅल्कपासून, म्हणजे कॅल्क्युलेटरपासून सुरुवात करतो. एका वेळी किती कामं समांतर चालवायची याचा आकडा कमी करता येतो आणि मग कमी मेमरीचं यंत्रही सावकाश का होईना काम पुरं करतं. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपवाल्यांनी हीच अडचण निराळ्या तऱ्हेने सोडवली. त्यांच्या बिल्डर या प्रोग्राममध्ये प्रकल्प उघडून चालवा म्हटलं की लागणारं सामान फ्लॅटपॅकमधून येतं. तिथे डेटा भरपूर लागतो, पण वाट सरळ आहे.

आता ज्या कामाकडे तुम्ही ढुंकून पाहत नाही त्याबद्दल.

मराठी. आमच्या मुलांजवळ एक गोष्ट आहे जी ट्युबिंगनमध्ये नाही, बर्लिनमध्ये नाही. त्यांना मराठी येतं. डेस्कटॉपवर दिसणारा प्रत्येक शब्द कोडमध्ये ‘आय-एटीन-एन’ नावाच्या आवरणात गुंडाळलेला असतो, तिथून तो अनुवादाच्या पीओ फायलींमध्ये जातो आणि लोकलाइझ नावाच्या प्रोग्राममध्ये उघडून त्यापुढे मराठी लिहिता येतं. ‘ओपन’ या एका इंग्रजी शब्दाला बटणावर ‘उघडा’ लागतं आणि फाइलची अवस्था सांगताना ‘उघडी’. ज्याने कोड लिहिला त्याने शब्द कुठे वापरला आहे याची टीप सोबत जोडली नसेल, तर अनुवाद करणारा अंधारात चाचपडतो. ती टीप जोडणं हा एका ओळीचा बदल आहे.

त्याहून सरस उदाहरण आमच्याच वर्गात सापडलं. एका छोट्या प्रोग्राममध्ये ‘डिलीट’ हा शब्द वेगळा अनुवादाला दिला होता आणि फाइलचं नाव त्याला मागून चिकटवलं होतं. इंग्रजीत क्रियापद आधी येतं, तिथे खपून जातं. मराठीत पडद्यावर ‘हटवा हिशोब’ असं उफराटं दिसायचं. सगळं वाक्य एकत्र अनुवादाला दिलं आणि नावाच्या जागी खूण ठेवली की मराठीत ‘हिशोब हटवा’ होतं, आणि हिंदी, कन्नड, जपानी, ज्या ज्या भाषांत क्रियापद शेवटी येतं त्या सगळ्यांचं भलं होतं. हा दोष इंग्रजीत विचार करणाऱ्या निष्णात माणसाला दिसत नाही. अकरावीतल्या मुलाला दिसला. तो दिसायला सी-प्लस-प्लसची पदवी लागत नाही, आईकडून शिकलेली वाक्यरचना लागते.

तसंच अक्षरांचं. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्राचा दर्या हे दोन शब्द पडद्यावर वेगळे दिसतात का? बॅकस्पेस दाबल्यावर ‘ऱ्या’ नीट पुसलं जातं की अर्धवट राहतं? मराठी वळणाचे ल आणि श येतात की हिंदी वळणाचे? अनेक फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, मजकूर मराठीत आहे हे प्रोग्रामने पुढे कळवलं तरच मराठी वळण उमटतं. हे तपासून, नेमकी आवृत्ती आणि चित्र जोडून नोंदवलेला दोष म्हणजे प्रकल्पाला दिलेलं खरं योगदान आहे. आमची मुलं आता हे करतात. तुमच्या व्याख्यानात याला जागा नव्हती. ‘नॉन-कोडिंग’ म्हणून तुम्ही ते हाताने बाजूला सारलंत. तुमच्या आजीला तिच्या लिपीत वापरता येणारा डेस्कटॉप तयार होण्यातलं हे काम तुम्हाला हलकं का वाटलं, याचं उत्तर मला हवं आहे.

‘पाठवून द्यायचा’ हे तुमचं चौथं क्रियापद. पाठवल्यावर काय होतं? त्या अकरावीतल्या मुलाने आपली दुरुस्ती मूळ कोडमध्ये घ्यावी अशी विनंती, म्हणजे मर्ज रिक्वेस्ट, पाठवली. नऊ दिवस उत्तर नाही. त्याला वाटलं, नापास झालो. समोरची माणसं बहुतेक करून स्वयंसेवक असतात, नोकरी-संसार सांभाळून रात्री कोड तपासतात, आठवडा-दोन आठवडे शांतता ही नेहमीची गोष्ट आहे, एकदा नम्रपणे आठवण केली तर कुणी रागावत नाही. हे त्याला कुणी सांगायचं होतं? मग उत्तर आलं, चांगलं आलं, वर एक सूचना होती की रिबेस कर. योगायोगाने त्या आठवड्यात तुमचा फोन आला. त्याने विचारलं. तुम्ही म्हणालात, "फक्त रिबेस करायचंय, त्यात काय!" रिबेस म्हणजे काय हे त्याने तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही उत्तर म्हणून त्याचा प्रश्नच परत दिलात. नंतर आम्ही दोन रंगांचे खडू घेऊन फळ्यावर काढलं. मूळ शाखा इतकी पुढे गेली, तुझे बदल इथून फुटले होते, आता ते उचलून नव्या टोकाला बसवायचे. वीस मिनिटं लागली. बदल स्वीकारला गेला.

ही मुलं कशाला हात घालू पाहताहेत याची तुम्हाला तरी जाणीव आहे का? केडीईमध्ये केएचटीएमएल नावाचा वेबपानं दाखवणारा एक भाग होता, आवडीने काम करणाऱ्या थोड्या लोकांनी लिहिलेला. 2003 मध्ये ॲपलने सफारी आणला तो त्याच्याच आधाराने. त्यातून वेबकिट झालं, वेबकिटातून 2013 मध्ये गूगलने ब्लिंक काढलं, आणि आज क्रोममध्ये तेच चालतं. तुमच्या खिशातल्या फोनवर या क्षणी त्या लोकांच्या मेहनतीचा वंशज धावतो आहे. त्यांच्यातलाही प्रत्येक जण कधीतरी पहिल्या एररसमोर बसला होता आणि शेजारी कुणीतरी होतं, म्हणून उठून गेला नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये केडीईची भारतीय परिषद पुण्याला सीओईपीमध्ये भरली. मराठी मुलुखात, आमच्यापासून एसटीने काही तासांवर. आमच्या वर्गातून एकही मूल गेलं नाही. "तिथे सगळं येणारे लोक असतील, आम्ही काय बोलणार," असं त्यांनी मला नंतर सांगितलं. ही भीती त्यांच्यात जन्मतः नव्हती.

तुम्हाला येतं, याबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिलं, न येणाऱ्याला नाही. केविनच्या आत काय चालतं हे माझ्यापेक्षा तुम्हाला शंभरपट कळतं. आमच्या वहीतल्या साठेक नोंदींपैकी सतरा अजून उत्तरावाचून पडल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा तुम्ही एका बैठकीत सोडवाल.

म्हणून ही विनंती. येत्या शनिवारी दुपारी दोन वाजता या. तुमचं नेहमीचं यंत्र घरी ठेवा. लिनक्स नव्याने बसवलेला, कोरा लॅपटॉप आम्ही देऊ, इंटरनेट मोबाइलचंच असेल. भाषण नको. मुलांच्या बाकावर बसा, केकॅल्क पहिल्यापासून बिल्ड करा आणि प्रत्येक पायरी मोठ्याने सांगा. जिथे अडाल, जिथे सवयीने काही गाळाल, तिथे ती तिसऱ्या बाकावरची मुलगी तुम्हाला थांबवेल आणि वहीत लिहून घेईल. तिची शेवटची एसटी सव्वासहाला आहे. तोपर्यंत थांबा.

कळावे,

शनिवारच्या वर्गाचा शिक्षक